मदत हवी आहे: एफपीएस गेम नेमका कशाला म्हणायचं? कॉलेजच्या स्पर्धेचे नियम लिहायचेत

परभणीकर_बीसीए

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहायलोय, बीसीए थर्ड इयरला आहे. आमच्या डिपार्टमेंटच्या गॅदरिंगमधे यंदा पहिल्यांदाच गेमिंगची स्पर्धा ठेवलीय, सरांनी परवानगी दिली पण अट टाकली की नियम आधी कागदावर पाहिजेत, मग ते लिहायचं काम माझ्याकडं आलं. स्पर्धेचं नाव 'एफपीएस कप', एफपीएस म्हणजे फर्स्ट पर्सन शूटर. पोस्टर लागलं, आणि लगेच वाद सुरू झाला की एफपीएस म्हणजे कोणकोणते गेम धरायचे.

मोबाइलवाली पोरं म्हणायलेत बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) पाहिजेच, गोळ्याच मारायच्यात ना त्यात. पीसीवाले म्हणायलेत ते टीपीपी आहे, म्हणजे थर्ड पर्सन, आपला माणूस मागून दिसतो, बाद, काउंटर स्ट्राइक नाहीतर व्हॅलोरंट ठेवा. एक सिनियर आहेत नेट कॅफेच्या जमान्यातले, ते म्हणतात व्हर्च्युआ कॉप २ ठेवा, त्यात तर सगळं आपल्याच डोळ्यानं दिसतं, आपला माणूस स्क्रीनवर येतच नाही, मग तो कसा काय बसत नाही? आणि फर्स्ट इयरच्या एका मुलीनं विचारलं की पोर्टल का नको, त्यात पण हातात गन आहे आणि समोरूनच दिसतं. ह्या प्रश्नाला मला तर काही उत्तर देता आलं नाही आणि पीसीवाल्यांनाही नाही.

नेटवर जिथं बघावं तिथं एकच ओळ, 'पात्राच्या नजरेतून खेळायचा शूटिंग गेम'. आता त्या एका ओळीत माइनक्राफ्ट पण बसतो, धनुष्यबाण आहे त्यात. स्कायरिम पण बसतो. म्हणजे ओळ कमी पडायलीय.

मी माझ्या परीनं जुन्यापासून बघत आलो. आयडी सॉफ्टवेअरचा वुल्फेन्स्टाइन ३डी मे १९९२ मधे आला, त्यांचाच डूम डिसेंबर १९९३ मधे, आणि डूम इतका चालला की नंतर काही वर्षं अशा सगळ्या गेमला लोक 'डूम क्लोन' म्हणायचे, म्हणजे डूमसारखं आहे का एवढंच बघत होते. पण सारखं म्हणजे कशात? जुना डूम खेळून बघितला तर त्यात वरखाली बघताच येत नाही, राक्षस वरच्या कट्ट्यावर उभा असला तरी सरळ रेषेत आला की बंदूक चालवायची, गोळी आपोआप वर जाऊन लागते. म्हणजे माउसनं चारी बाजूला नेम धरणं ही अट धरली तर खुद्द डूमच बाहेर जातो. मल्टिप्लेअर ही अट धरली तर वुल्फेन्स्टाइन जातो, तो एकट्यानंच खेळायचा गेम. बंदूकच पाहिजे म्हणावं तर डूममधे नुसत्या ठोशांनी आणि चेनसॉनं पण मारता येतं. माणूसच पाहिजे म्हणलं तर अटारीचा १९८० चा बॅटलझोन आहे, त्यात आपण रणगाड्यात बसलेलो असतो, नजर आपलीच असते, चालवायचं पण आपणच.

तर मला नुसती व्याख्या नकोय, असा नियम पाहिजे जो एखाद्या गेमला लावला की बसतो का नाही ते कळलं पाहिजे, आणि बाद झालेल्या पोराला कारण सांगता आलं पाहिजे. ह्यातलं ज्यांना कळतं त्यांनी जरा सविस्तर सांगा, मला हे मनापासून नीट करायचंय कारण यंदा वाद झाला तर पुढच्या वर्षी सर परवानगी देणार नाहीत.

लातूर_पॅटर्न

भावा प्रश्न लई चांगला विचारलास. माझं मत सांगतो, मी काउंटर स्ट्राइक बरीच वर्षं खेळलोय त्यामुळं तिकडूनच सांगीन.

एफपीएसमधे डोळा आणि नेम एकाच जागी असतात. सगळं त्यावर उभं आहे. क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, स्क्रीनच्या मधोमध असतो, जिकडं बघशील तिकडंच गोळी जाणार, आणि जे बघायचं नाही ते दिसणारच नाही. पाठीमागं कोण आहे हे कळायला मान वळवावी लागते, म्हणूनच हेडफोनमधे पावलांचा आवाज ऐकणं एवढं महत्त्वाचं. टीपीपीमधे काय होतं, तू भिंतीच्या आड बसतोस, कॅमेरा तुझ्या खांद्याच्या मागं वर असतो, तो फिरवून कोपऱ्याच्या पलीकडचा सगळा माणूस दिसतो आणि त्याला तू दिसत नाहीस. फुकटची नजर झाली ना ती. एफपीएसमधे कोपऱ्यापलीकडं बघायचं तर स्वतःचं डोकं बाहेर काढावं लागतं, म्हणजे गोळी खायची तयारी ठेवावी लागते. काउंटर स्ट्राइकमधला डस्ट २ चा नकाशा आठव, सगळे दरवाजे, बोळ, कोपरे त्याच हिशोबानं ठेवलेत. फ्लॅशबँग, म्हणजे डोळे दिपवणारा बॉम्ब, फुटला की आख्खी स्क्रीन पांढरी होते कारण स्क्रीन म्हणजेच तुझा डोळा आहे.

दुसरं म्हणजे चालणं आपल्या हातात पाहिजे. तुझ्या सिनियरचा व्हर्च्युआ कॉप २ इथंच अडकतो. सेगाचा आर्केडवरचा गेम तो, तिथं बंदुकीनं खेळायचे आणि आपल्याकडं कॅफेत माउसनं. त्यात कुठं जायचं, कुठं थांबायचं हे सगळं गेम ठरवतो, आपण फक्त आलेल्या माणसावर क्लिक करतो. जत्रेत पाळण्यात बसून फुगे फोडल्यासारखं आहे ते. अशा गेमला रेल शूटर म्हणतात, सिनियरला सांग की वाईट म्हणत नाही आम्ही, मी पण लई खेळलोय, पण प्रकार वेगळा.

आणि तिसरं, गेममधली बहुतेक अडचण नेमबाजीनं सुटली पाहिजे. स्कायरिममधे तलवार घे, जादू घे, बोलून काम काढ, आणि नजर पण पाहिजे तेव्हा मागून करता येते. माइनक्राफ्टमधे धनुष्य हातात न घेता वर्षभर खेळता येतं. पोर्टल २००७ चा, काउंटर स्ट्राइकवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचाच गेम, नजर बरोबर, चालणं बरोबर, पण हातातली गन कुणाला मारायला नाहीच, भिंतीत वाट उघडायला आहे, सगळं डोकं कोडं सोडवण्यात जातं. त्या मुलीचा प्रश्न सगळ्यात भारी आहे खरं तर, कारण हातात गन असून, दोन अटी पूर्ण करून तो तिसरीवर अडकतो.

गोदाकाठ

वरच्यांशी सहमत पण एक भर घालतो, 'पूर्ण वेळ फर्स्ट पर्सन' असं नियमात लिहू नको. आयजीआय आठवतो का, २००० सालचा, आपल्याकडं प्रत्येक कॅफेत होता. शिडी चढताना त्यात कॅमेरा बाहेर यायचा आणि आपला माणूस मागून दिसायचा. हेलोमधे पण गाडी चालवायला बसलं की नजर बाहेर जाते. म्हणून त्यांना कुणी एफपीएस नाही असं म्हणत नाही. लढाई ज्या नजरेनं होते ती धरायची.

उलट्या बाजूनं हाफ लाइफ बघ, १९९८ चा. सुरुवातीच्या ट्रेनपासून शेवटपर्यंत नजर गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यातून हलत नाही, गोष्ट सांगायला पण कॅमेरा बाहेर काढला नाही त्यांनी, बाकीचे बोलत असतात आणि आपण तिथंच फिरत असतो. तेव्हा इतर गेममधे गोष्ट आली की मधे सिनेमा लावायचे. काउंटर स्ट्राइक त्याच हाफ लाइफचा मॉड, म्हणजे मूळ गेममधे फेरफार करून बनवलेला गेम, म्हणून १९९९ मधे सुरू झाला होता, हे तुझ्या पीसीवाल्यांना माहीत असलं तर बरं.

परभणीकर_बीसीए

दोघांचे मनापासून आभार, डोळा आणि नेम एका जागी हे वाचल्यावर सगळा गुंता सुटला माझा. सिनियरना दाखवलं, त्यांना पटलं. पण मोबाइलवाले आता म्हणायलेत की बीजीएमआयमधे स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, उघडला की नजर डोळ्यातूनच होते, आणि गोळी तर स्कोपमधूनच मारतो, गोदाकाठ सरांनीच म्हणलंय की लढाई ज्या नजरेनं होते ती धरायची. ह्याला काय सांगू?

अजून एक अडचण, लॅबमधल्या मशीन जुन्या आहेत, ग्राफिक्स कार्ड एकातही नाही, नेटचा भरवसा नाही. व्हॅलोरंट तर उघडणारच नाही. मग पीसीवर ठेवायचं काय?

लातूर_पॅटर्न

स्कोप उघडायच्या आधीच अर्धी लढाई झालेली असते रे. कोण कुठं लपलाय, कधी बाहेर यायचं, हे तू मागच्या कॅमेऱ्यानं बघून ठरवलेलं असतं, स्कोप फक्त शेवटच्या क्षणाला. पण त्यांना बाद करायची गरजच नाही. बीजीएमआयमधे एफपीपी, म्हणजे डोळ्यातून बघायचा, मोड आहे, कस्टम रूम (फक्त आपल्या पोरांचा सामना) काढताना तो निवडायचा, सगळ्यांना सारखंच. नियमात गेमचं नाव न टाकता मोड टाक म्हणजे भांडण मिटलं.

लॅबसाठी असॉल्टक्यूब बघ. फुकट आहे, अगदी हलका आहे, ग्राफिक्स कार्डाशिवाय जुन्या मशीनवर पळतो आणि लॅनवर खेळता येतो, नेट लागत नाही. कॉलेजच्या मशीनवर कुणी पेन ड्राइव्हवरून क्रॅक केलेला काउंटर स्ट्राइक टाकतो म्हणलं तर टाकू देऊ नको, व्हायरस आला तर सगळं तुझ्यावर येईल.

गोदाकाठ

मोबाइल आणि पीसी एका ड्रॉमधे मात्र ठेवू नको. नजर एकच असली तरी अंगठ्यानं नेम धरणं आणि माउसनं धरणं ह्यात लई फरक पडतो, मोबाइलवर तर एम असिस्ट, म्हणजे गेमनंच नेमाला केलेली मदत, पण असतो. दोन गट कर, दोन बक्षिसं ठेव. आणि मोबाइलच्या गटात जायरोस्कोप (फोन हलवून नेम धरायची सोय) चालू ठेवायचा का बंद हे आधीच लिहून टाक, आमच्याकडं जालन्यात एका स्पर्धेत ऐन फायनलला त्याच्यावरूनच गोंधळ झाला होता.

परभणीकर_बीसीए

नियम असा लिहिलाय, सरांकडं द्यायच्या आधी बघा बरं: 'लढाईच्या वेळी खेळाडूची नजर पात्राच्या डोळ्यातूनच असावी, आपल्या पात्राच्या मागून बघता येईल असा मोड चालणार नाही. चालणं, वळणं, थांबणं पूर्णपणे खेळाडूच्या हातात असावं. जिंकण्याचा मुख्य मार्ग नेम धरून मारा करणं हाच असावा. मोबाइल आणि पीसी हे गट वेगळे राहतील.' जायरोस्कोप बंद ठेवतोय, कारण सगळ्यांच्या फोनमधे तो नाही. पोर्टल विचारणाऱ्या मुलीला पीसी गटाची पंच केलंय, ती हो म्हणली.

गोदाकाठ

चांगला झालाय. फक्त 'मारा' च्या पुढं 'दुरून' टाक, नाहीतर कुणीतरी फक्त चाकूनं पळत सुटेल आणि म्हणेल मी नियमातच आहे.

लातूर_पॅटर्न

चाकू राहू दे की, डूममधे ठोसे होतेच. मुख्य मार्ग म्हणलंय ना, तेवढं बास.