मदत हवी आहे: निवांत मुक्कामासाठी हॅवलॉक की नील?

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण अंदमानला जाणार आहोत. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) सेल्युलर जेल पाहण्यापुरते थांबायचे, कारण सावरकरांची कोठडी न पाहता परत आलो तर घरचे उभे करणार नाहीत, आणि बाकी सगळा मुक्काम एकाच बेटावर करायचा, एवढे नक्की आहे. सकाळी सातला गाडीत कोंबून ठिकाणे मोजत हिंडवणाऱ्या सहलींचा आम्हा दोघींनाही मनस्वी कंटाळा आहे.

हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, राधानगरचा लांबरुंद वाळूचा किनारा आहे आणि खाण्याराहण्याची सोयही अधिक आहे. पण गर्दीही तिथेच. नील, म्हणजे शहीद द्वीप, इतके लहान आहे की सायकलवर सहज फिरता येते, शिवाय लक्ष्मणपूरचा सूर्यास्तही आहे. माझा कल नीलकडे आहे. मात्र ओहोटीला तिथल्या किनाऱ्यांवर प्रवाळाचे खडक उघडे पडतात, आणि मैत्रिणीला तर दिवसातून दोनदा पाण्यात डुंबायचे आहे. नीलवर राहिलेल्यांनी कृपया सांगावे, की भरतपूरच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ साधून रोज पोहता येते का, आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळल्यावर दोघी बायकांना किनाऱ्यावरून मुक्कामी चालत परतणे सोयीचे आहे का? बोटीची तिकिटे किती आधी काढावीत, हेही कळवावे.