जुन्या युद्धनौकेचं नाव नव्या नौकेला द्यावं का?

खाडीवाला, ऐरोली
मला पटत नाही. आमची शाळेची सहल ठाण्याहून जुनी विक्रांत बघायला गेली होती. जिन्याचा कठडा धरला तर हाताला गंज लागला, बाईंनी रुमाल दिला. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात लढलेली नौका ती! १९९७ ला निवृत्त झाली, २०१२ ला संग्रहालय बंद, २०१४ ला लिलाव आणि मग मुंबईच्या दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात तिथे, तोडली. २०२२ मध्ये कोचीला नवी विक्रांत आली, क्रमांकही तोच, आर-११. नाव चालू राहणारच म्हटल्यावर जुनी भंगारात जाताना कुणाला टोचतंय?

कोपरीकर
टोचलं नाही कसं? लोक पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते. नौका जपणं आणि नाव पुन्हा वापरणं हे वेगवेगळे प्रश्न आहेत, तुम्ही दोन्ही एकाच दावणीला बांधताय. खुकरी युद्धनौकेचं बघा. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने ती दीवजवळ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला नौका सोडून आलेच नाहीत. १९८९ मध्ये ते नाव पुन्हा नौदलात दाखल झालं. नसतं दिलं, तर तो शत्रूने पुसलेला शब्द झाला असता. ही दुसरी खुकरी निवृत्त झाल्यावर दीवलाच ठेवायला दिली, तीही जपून.

खाडीवाला, ऐरोली
खुकरीचं मान्य, ती बुडाली होती. विक्रांत आपणच तोडली. आणि हँगोरचं नाव काढलंतच म्हणून सांगतो: ती कराचीच्या संग्रहालयात उभी आहे. त्यांनीही नव्या पाणबुड्यांना तेच नाव दिलंय, पण जुनी ठेवून.

नेरुळची सून
माझं माहेर थळचं, म्हणून मधे बोलते. खांदेरी नावाच्याही दोन पाणबुड्या झाल्या, दुसरी २०१९ ची. पण नाव मुळात पाणबुडीचं कुठे? आमच्या समोरच्या बेटाचं. महाराजांनी १६७९ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांशी जुंपली होती. पहिली पाणबुडी गेली तरी खांदेरी जागच्या जागी. तिथे नाव पुन्हा दिलं तर बिघडलं काय?

कोपरीकर
वहिनी बरोबर बोलल्या.

खाडीवाला, ऐरोली
बेट लिलावात काढता येत नाही हो वहिनी, एवढाच फरक. आमच्या इमारतीत एकाकडे बजाज व्ही मोटारसायकल आहे. विक्रांतचं लोखंड वितळवून ते गाडीत वापरलं होतं, म्हणून हौसेने घेतलेली. दर पावसाळ्यात ताडपत्री घालून ठेवतो. परवा लिफ्टमध्ये भेटला, म्हणाला, विकायला काढलीय, गिऱ्हाईक असेल तर सांग.