कॅम्पर व्हॅनची पाण्याची लाइन थंडीत फुटू नये म्हणून काय करायचं? गाडी सहा महिने कल्पाला ठेवायची आहे

ट्रॅव्हलरवाला_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरं पण अर्धवटच येतील. माझ्याकडं जुनी ट्रॅव्हलर आहे, दोन वर्षं खपून तिचं कॅम्पर करून घेतलंय. मागं सीटखाली १०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, पेक्सचे (लवचिक प्लास्टिकचे) पाइप, सिंक, मागच्या दारात छोटा शॉवर, १५ लिटरचा उभा गीझर, सिंकखाली आरओ आणि कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून रिकामी करता येते तसलं). कोकण, गोवा, दाजीपूर सगळं फिरून झालं, पाण्याचा कधी एक थेंब गळला नाही.

आता दिवाळीच्या सुट्टीत घरचे सगळे हिमाचलमधल्या किन्नौरला चाललोय. कोल्हापूरपासून तिकडं पोचायलाच चार-पाच दिवस जातात, म्हणून ठरवलंय की गाडी तिथंच कल्पात ओळखीच्यांच्या अंगणात ठेवायची, आपण खाली चंदीगडला येऊन विमान पकडायचं आणि मे महिन्यात पोरांची परीक्षा झाली की परत जाऊन तिथनंच स्पितीला जायचं. कल्पा साधारण २,९०० मीटरवर आहे, बर्फ पडतो, रात्री शून्याच्या बऱ्याच खाली जातं. आपल्याकडं जानेवारीत १४-१५ डिग्रीला स्वेटर निघतात, त्यामुळं पाणी गोठण्याचा अनुभव शून्य. एकानं सांगितलं की रेडिएटरचा हिरवा कूलंट पाच लिटर आणून टाकीत ओत आणि पंप चालव, सगळीकडं फिरेल, काही होत नाही. खरंच असं करतात काय? त्याच टाकीचं पाणी पोरं पितात म्हणून विचारतोय.

मिनेसोटाकर_मूळ_राजारामपुरी:
दादा, आधी तो कूलंटचा कॅन बाजूला ठेवा, बाकीचं नंतर वाचा.

रेडिएटरचा कूलंट म्हणजे बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल. ते विष आहे, पोटात गेलं की शरीरात त्याचं ऑक्झॅलेट बनतं आणि किडन्या जातात, शंभर मिलीच्या आसपास मोठ्या माणसाचा जीव जाऊ शकतो आणि लहान पोराला त्याहून कितीतरी कमी पुरतं. वर ते चवीला गोड, त्यामुळं कुत्री-मांजरं आणि पोरं न कळत पितात. ते एकदा पिण्याच्या लाइनीत गेलं की मी तरी त्या टाकीचं पाणी कुणाला देणार नाही, कितीही धुतली तरी. आरव्हीसाठी, म्हणजे अशा कॅम्पर गाड्यांसाठी, वेगळा गुलाबी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं औषध) मिळतो, तो प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो, हेच द्रव्य खाण्याच्या पदार्थांत आणि औषधांत वापरतात. इकडं स्वस्तातला अल्कोहोलवाला पण गुलाबीच रंगात येतो, पण तो पेट घेतो आणि रबराचे सील सुकवतो, मी घेत नाही.

मी इकडं बारा वर्षं आहे, आमचा एक ट्रेलर आहे आणि दर ऑक्टोबरला हे काम मी स्वतः करतो. मूळ गोष्ट एवढीच की पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि कोंडलेल्या जागी तेवढं फुगायला वाव नसला की पाइप, नळ, पंपाचं डोकं, जे कच्चं असेल ते फुटतं. म्हणून आधी पाणी काढणं महत्त्वाचं, गुलाबी औषध फक्त जे पाणी निघतच नाही तिथल्यासाठी. लोक उलटं करतात, भरलेल्या टाकीत औषध ओततात, ते पातळ होऊन जातं आणि उपयोग काहीच होत नाही. १०० लिटरच्या टाकीत ओतायचंच नाही, टाकी कोरडी करायची.

क्रम असा ठेवा. ताजी टाकी, सांडपाण्याची टाकी, कॅसेट, तिन्ही रिकामी. गीझरचा एमसीबी आधी बंद आणि पाणी पूर्ण गार झाल्यावरच तो सोडायचा, कारण आत दाब असतो आणि पाणी भाजतं. उभ्या गीझरमधून गरम पाणी वरनं बाहेर पडतं, त्यामुळं नळ उघडून तो रिकामा होत नाही. खालचा गार पाण्याचा पाइप, तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह सोडायचा आणि गरम नळ उघडा ठेवून हवा आत घ्यायची, मग भडाभडा खाली येतं. आरओ पूर्ण काढून घरी न्या, मेंब्रेन गोठलं की गेलं. मग गीझर बायपास करायचा, म्हणजे लाइनीतनं वगळायचा, नाहीतर १५ लिटर औषध तोच पिऊन बसेल. पंपाच्या तोंडाला नळी लावून ती सरळ कॅनमध्ये सोडायची, पंप चालू करायचा आणि पंपाच्या जवळचा नळ आधी, लांबचा शेवटी, गार आणि गरम दोन्ही बाजू वेगवेगळ्या उघडायच्या, स्वच्छ गुलाबी दिसेपर्यंत. शॉवरचा हातातला पाइप आणि टॉयलेटचा फ्लश लोक विसरतात. शेवटी सिंकच्या आणि शॉवरच्या ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या पाइपमध्ये, जिथं पाणी साचून राहतं) एकेक कप ओतायचं. आमच्या ट्रेलरला आठ-दहा लिटर लागतं, तुमची लाइन छोटी आहे, कमीच लागेल.

हे सगळं झालं की गीझरच्या बटणावर चिकटपट्टी लावून ‘रिकामा आहे’ लिहा. मे महिन्यात कुणीतरी सवयीनं बटण दाबतं आणि कोरडी कॉइल जळते.

उद्यमनगरी_फॅब्रिकेटर:
पावण्यानं बरोबर सांगितलंय, फक्त आपल्याकडच्या गाड्यांत बायपास कुणी ठेवतच नाही, कारण इथं गरजच पडत नाही. करून घ्यायला लई काम नाही. गीझरच्या गार लाइनला एक बॉल व्हॉल्व्ह, गरम लाइनला एक, आणि दोन्हीच्या मधी दुवा टाकून त्यावर तिसरा. एरवी मधला बंद आणि दोन्ही उघडे, थंडीला मधला उघडा आणि दोन्ही बंद. म्हणजे गीझरला वगळून तेच औषध गरम नळाकडं पण जातंय. पंपाच्या अलीकडं एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह टाका, तिथनं कॅनची नळी. आणि लाइनीच्या सगळ्यात खालच्या जागी एक ड्रेन कॉक पाहिजेच, दोन्ही लाइनींना वेगवेगळा.

दुसरी गोष्ट, हवा मारून पण लाइन मोकळी करता येते, पण गॅरेजचा कॉम्प्रेसर सरळ लावू नका, त्यात शंभराच्या वर दाब असतोय आणि जोड उडतात. रेग्युलेटर लावून ३० ते ४० पीएसआय, म्हणजे कारच्या चाकात भरतो तेवढीच हवा. एकेक नळ उघडून फुंकायचं. हवा मारली तरी पंपात आणि ट्रॅपमध्ये पाणी राहतंयच, तिथं औषध लागणारच.

आणि कूलंटचा विषय निघालाच आहे तर इंजिनाचं पण बघा. आपल्याकडं कितीतरी जुन्या गाड्यांत रेडिएटरला साधं नळाचं पाणी असतंय. तसंच घेऊन गेलात तर ब्लॉकला चीर जाईल, मग पाण्याची लाइन वाचून उपयोग काय. तो हिरवा कॅन तिथं घाला, निम्मा कूलंट निम्मं डिस्टिल्ड, त्याची जागा तीच आहे. वायपरच्या डब्यातलं पाणी पण काढून टाका.

चिलिंगप्लांटवाली:
मी दूध शीतकरणाच्या कामात आहे म्हणून ग्लायकॉलबद्दल थोडं सांगते. तयार गुलाबी अँटिफ्रीझ इथं दुकानात सहज दिसत नाही, पण प्रोपिलीन ग्लायकॉल केमिकलवाल्यांकडं मिळतं. घेताना फार्मा ग्रेड, आयपी किंवा यूएसपी (औषधांच्या शुद्धतेची भारतीय किंवा अमेरिकन मानकं) असं लिहिलेलं आणि सीलबंदच घ्या, आणि त्या बॅचचं तपासणी प्रमाणपत्र मागा. इंडस्ट्रियल ग्रेड स्वस्त मिळतं पण ते घेऊ नका. २०२२ मध्ये गांबियातल्या लहान मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला होता, त्या औषधांत डायइथिलीन आणि इथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं. दोन्ही दिसायला प्रोपिलीनसारखीच, बिनरंगी आणि दाट, डोळ्यांनी काही म्हणजे काही कळत नाही. त्यामुळं सुट्टं, ड्रममधनं काढून दिलेलं तर नकोच.

प्रमाण असं. ३० टक्के ग्लायकॉल असेल तर साधारण उणे १३ ला गोठायला लागतं, ४० टक्क्याला उणे २१-२२, आणि निम्मं-निम्मं केलं तर उणे ३३ च्या आसपास. तुमच्या जागेला निम्मं-निम्मं घ्या, पुढं स्पितीला कधी थंडीत गेलात तरी चालेल. पाणी मात्र आरओचं किंवा डिस्टिल्ड वापरा, बोअरच्या पाण्यानं क्षार बसतात. आणि वर मिनेसोटाच्या दादांनी पाणी आधी काढायला का सांगितलं त्याचा हिशोब बघा, लाइनीत दोन लिटर पाणी राहिलं आणि त्यात निम्मं-निम्मं केलेलं चार लिटर मिसळलं तर ग्लायकॉल ३३ टक्क्यांवर येतं, म्हणजे उणे ३३ चं संरक्षण उणे १५ च्या आसपास येऊन थांबतं. तयार कॅन कुणी परदेशातनं आणला तर त्यात पाणी घालू नका, तो आधीच पातळ केलेला असतो.

रंग नसतो त्यामुळं नळातनं पाणी येतंय का औषध ते कळत नाही. मिश्रणात खाण्याच्या लाल रंगाचे चार थेंब टाका, काम सोपं होतं.

काझा_जाऊन_आलेला:
माझं जे झालं ते सांगतो म्हणजे तुमचं होणार नाही. मागच्या एका डिसेंबरात काझाला गेलो होतो, तिकडं ३,६०० मीटरच्या वर आणि रात्री उणे वीस सहज. टाकी रिकामी केली, नळ उघडे ठेवले, वाटलं झालं काम. सकाळी पंपाच्या तोंडाशी जाळीची जी पारदर्शक प्लास्टिकची वाटी असते ती उभी चिरलेली, आणि मिक्सर नळाच्या आतलं कार्ट्रिज (गार-गरम पाणी मिसळणारा भाग) पण गेलं. वाटीत जेमतेम अर्धा कप पाणी होतं हो. पंप बदलायला तिथं काय मिळणार, पुढचे सहा दिवस आम्ही बादलीनं पाणी घेतलं, आणि आईच्या हाताला त्या गार पाण्यानं भेगा पडल्या ते बघवत नव्हतं.

तर ती वाटी खोलून पुसून ठेवा. मिक्सर नळ असेल तर दांडी मधोमध ठेवून पण औषध सोडा, नुसतं डावी-उजवी करून आतलं सगळं पाणी निघत नाही. आणि हे काम कल्पाला पोचल्यावर संध्याकाळी करायला घेऊ नका, गारठ्यात ग्लायकॉल काकवीसारखं घट्ट होतं आणि पंपाला ओढवत नाही. दुपारी उन्हात करा, गाडी थोडी उताराला लावून, म्हणजे ड्रेन कॉककडं पाणी आपोआप येतं.

ट्रॅव्हलरवाला_कोल्हापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. कूलंटचं वाचून अंगावर काटा आला, घरात दाखवलं तर बायकोनं तो कॅन लगेच पोरांच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात कुलूप लावून ठेवला. बायपास आणि दोन्ही ड्रेन कॉक पुढच्या आठवड्यात उद्यमनगरात बसवून घेतोय. एकच राहिलं, मे मध्ये परत गेल्यावर लाइन धुवायची कशी? प्रोपिलीन पिण्यासारखं असलं तरी चहाला चव येणार.

मिनेसोटाकर_मूळ_राजारामपुरी:
चव येते, गोडसर. गीझर बायपासच राहू द्या, टाकी भरून प्रत्येक नळ रंग आणि फेस जाईपर्यंत सोडा, मग गीझर परत लाइनीत घ्या. नंतर क्लोरीन द्यायचं. साध्या, बिनवासाच्या ५ टक्के ब्लीचचं प्रमाण १०० लिटरला १०० मिली, आधी बादलीत मिसळून मग टाकीत, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत फिरवायचं आणि चार तास तसंच ठेवायचं. मग दोनदा भरून रिकामी करा. आरओ सगळ्यात शेवटी बसवा, क्लोरीननं मेंब्रेन खराब होतं.

उद्यमनगरी_फॅब्रिकेटर:
निघायच्या आधी एकदा इथंच सगळं करून बघा, साधं पाणी लाल रंग घालून. कुठल्या नळाला रंग आला नाही ते घरी कळलेलं बरं, तिकडं बर्फात पान्हा धरवत नाही.

ट्रॅव्हलरवाला_कोल्हापूर:
बायपास बसवून झाला, रविवारी रंग घालून बघितलं. सगळीकडं लाल आलं, फक्त मागच्या शॉवरच्या गरम बाजूला नाही. खोलून बघितलं तर तिथला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) उलटा बसलेला, दोन वर्षं गरम पाणी बारीक येतंय म्हणून आम्ही गीझरलाच दोष देत होतो. तो सरळ केला. ग्लायकॉल पाच लिटर सीलबंद, प्रमाणपत्रासकट मिळालं. कल्पात दुपारच्या उन्हात करीन आणि झालं की फोटो टाकतो.