मदत हवी आहे : रॅक सर्व्हरची डिस्कच कोणी काढून नेली तर?

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज, बिलं, पगार सगळं एकाच सर्व्हरवर, आणि त्याची खोली स्टोअरला लागून. एसीवाला, इलेक्ट्रिशियन, माल उतरवणारे, सगळ्यांची तिथे ये-जा. आता नवा २यू रॅक सर्व्हर (कपाटासारख्या रॅकमध्ये बसणारा, दोन खण उंचीचा) घेतोय. विक्रेते फायरवॉलबद्दल भरपूर बोलतात, पेटीच्या सुरक्षेबद्दल कोणी नीट सांगत नाही.

बेझेलचं, म्हणजे सर्व्हरच्या पुढच्या झाकणाचं, कुलूप पुढच्या डिस्क झाकतं, पण मागचे यूएसबी पोर्ट उघडेच राहतात. ते बायोसमधून (सर्व्हरच्या मूळ सेटिंगमधून) बंद करून पासवर्ड लावणार. झाकण उघडल्याची नोंद ठेवणारा इंट्रुजन स्विचही हवाच.

अडलंय ते एन्क्रिप्शनपाशी, म्हणजे डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा ठेवण्यापाशी. टीपीएम २.० (किल्ली जपणारी चिप) आणि बिटलॉकर (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) असेल तर नुसती डिस्क नेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण अख्खा सर्व्हरच उचलला, तर पिन नसल्यास तो सुरू होताना डिस्क आपोआप उघडतो. पिन लावावा, तर दर रीस्टार्टला कोणीतरी तो टाकायला हवा. पावसाळ्यात रात्री लाइट जाऊन यूपीएसही संपला, की सकाळची शिफ्ट खोळंबणार.

दुसरा पर्याय सेल्फ एन्क्रिप्टिंग (स्वतःच डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या) डिस्कचा, किल्ली रेड कंट्रोलरवर (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डवर). कंट्रोलर जळाला तर नव्या कंट्रोलरवर पासफ्रेज देऊन डेटा परत मिळवलाय का कोणी? ऐकीव नको, स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. आणि नाशकात मागूनही कुलूप लागणारं चांगलं रॅक कुठे मिळेल?