अकरावीच्या गणिताची सुरुवात रिकर्सिव्ह क्रमिकांनी करावी का?

रेघोटी (धागा)

अकरावी सायन्सचे वर्ग भरले की बहुतेक कॉलेजांत स्टेट बोर्डाच्या गणित भाग १ मधलं पहिलं प्रकरण उघडलं जातं: कोन आणि त्याचे मापन. अंशांचे रेडियन करा, रेडियनचे अंश करा. क्रमिका (ठरावीक क्रमाने मांडलेल्या संख्या, त्यातली प्रत्येक संख्या म्हणजे एक पद) आणि श्रेढी भाग २ मध्ये, संमिश्र संख्यांच्या नंतर. दोन शिक्षक दोन भाग वाटून घेतात तिथे त्या जरा लवकर येतात, एरवी बऱ्याच उशिरा. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. वर्षाची सुरुवात क्रमिकांनी करावी असं माझं ठाम मत आहे, आणि तीही सूत्रापासून नव्हे. पहिलं पद सांगायचं, मागच्या पदावरून पुढचं कसं काढायचं तो नियम सांगायचा, आणि मुलांना एकेक पद काढत चालायला लावायचं. अशा नियमाला रिकर्सिव्ह नियम म्हणतात.

माझा पहिला तास असा असतो. फळ्यावर लिहिते: १, २, ४, ८, १६. पुढचं काय? अख्खा वर्ग ओरडतो, ३२. मी २३ लिहिते. कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, अंक उलटे झाले." मी काही न बोलता पुढे २८, ३८, ४९, ६२ लिहिते. मग कुजबुज सुरू होते. कुणाला तरी दिसतं की १६ मध्ये १ आणि ६ मिळवले की २३ येतात, २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. आणि मग लक्षात येतं की ८ मध्ये ८ मिळवूनच १६ झाले होते, दुप्पट कधी नव्हतीच. हा नियम देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या अभ्यासातला. शंभरावं पद झटकन देईल असं शाळेतलं सूत्र याला नाही. चालतच जावं लागतं.

त्यानंतर विचारते, २० च्या मागे कोण? म्हणजे कोणत्या संख्येत तिचेच अंक मिळवले की २० होतात? एक ते नऊ घेतले तर २ पासून १८ पर्यंत सम संख्या मिळतात. १० ते १९ घेतले तर ११ पासून २९ पर्यंत विषम. वीस कुठेच नाही. मुलांनी अकरावीत केलेली ही पहिली सिद्धता असते, आणि ती पहिल्याच दिवशी होते. अशा बिनमागच्या संख्यांना कापरेकर स्वयंभू म्हणत.

माझ्या मते गणिताचं वर्ष असं सुरू व्हावं. तुमचं काय?

सीईटी_सर

असहमत. मॅडम, तास सुंदर आहे, पण वर्ष मोजकंच असतं. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, वर्ग उशिरा भरतात, मग युनिट टेस्ट डोक्यावर येते. सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. तिथे मागच्यावरून पुढचं काढत बसणारा मुलगा मागेच राहतो. त्याला एन वं पद एका ओळीत काढता यायला हवं.

आणि कोनमापन पहिलं आहे ते उगाच नाही. त्रिकोणमितीची दोन्ही प्रकरणं त्यावर उभी आहेत, फिजिक्सवाल्यांना रेडियन पहिल्या महिन्यातच लागतात. तुम्ही क्रमिका घेत बसलात तर फिजिक्सचे सर रेडियन कुणाकडून मागणार?

पासबुक

मी बँकेत कर्ज विभागात होतो, शिक्षक नाही. पण या विषयावर गप्प बसवत नाही.

कर्ज ५०,००० रुपये, महिना १ टक्का व्याज, हप्ता ५,०००. नियम एवढाच: पुढची बाकी म्हणजे आत्ताची बाकी, अधिक तिचा एक टक्का, वजा हप्ता. पहिल्या महिन्यानंतर ४५,५००. दुसऱ्यानंतर ४०,९५५. तिसऱ्यानंतर ३६,३६४ रुपये ५५ पैसे. हे आठवीतलं पोरगं करू शकतं. आता हप्ता ५०० करा. बाकी ५०,०००. पुढच्या महिन्यात ५०,०००. दहा वर्षांनीही ५०,०००. हप्ता ४०० केलात तर कर्ज वाढत जातं. नियमित हप्ते भरूनही कर्ज तसूभर कमी का होत नाही, हे काउंटरवर समजावताना मला कधीच सूत्राचा उपयोग झाला नाही. कागदावर चार ओळी खाली खाली लिहून दाखवल्या की माणसाला समजायचं.

हप्त्याचं तयार सूत्र सगळे हप्ते वेळेवर आणि सारखे भरले तरच चालतं. एक हप्ता चुकला किंवा मध्येच वीस हजार भरले की ते मोडतं. नियम मोडत नाही, त्या महिन्याच्या ओळीत आकडा बदलायचा आणि पुढे जायचं. दहावीच्या पुस्तकात श्रेढीच्या लगेच पुढे अर्थनियोजन आहे, तरी ही जोडणी कुणी मुलांना करून दाखवत नाही याचं मला वाईट वाटतं.

जुना_खडू

पासबुकसाहेबांचं उदाहरण उत्तम आहे. तरीही माझा विरोध आहे, आणि तो वेळेसाठी नाही.

मी बरीच वर्षं नववी-दहावीला बीजगणित शिकवलं. रिकर्सिव्ह नियम तोंडी सांगायला सोपा, लिहायला अतिशय अवघड. टी म्हणजे पद, त्याच्या खाली लिहिलेला एन म्हणजे त्याचा क्रमांक. टी खाली एन अधिक एक, आणि टी एन मध्ये एक मिळवला, या दोन गोष्टी मुलांच्या वहीत एकसारख्या दिसतात. पहिलीत पदाचा क्रमांक एकने पुढे गेलाय, दुसरीत पदाची किंमत वाढलीय. हा गोंधळ एकदा डोक्यात बसला की वर्षभर निघत नाही. फल म्हणजे काय हे आधी कळायला हवं: क्रमांक आत, किंमत बाहेर. मग क्रमिका हे फलाचं एक उदाहरण म्हणून सहज समजते. अकरावीच्या भाग २ मध्ये फल नंतर आहे, हीच मुळात मला चूक वाटते.

दुसरं, १, २, ४, ८, १६ नंतर २३ लिहून वर्गाला चकवलं तर हुशार मुलं रमतात. बाकीची मात्र पहिल्याच दिवशी असं ठरवून टाकतात की इथे आपला अंदाज चुकणारच.

रेघोटी

खडू सर, चिन्हांबद्दल तुमचं पूर्ण पटतं, म्हणून पहिले काही तास माझ्या फळ्यावर एकही अक्षर नसतं. "पुढचं = आत्ताचं + आत्ताच्या अंकांची बेरीज", अशाच शब्दांत लिहायचं. क्रमांक वेगळ्या रकान्यात. अक्षरं आली की तो रकाना शेजारीच असतो, त्यामुळे एन अधिक एक म्हणजे खालची ओळ हे बोट ठेवून दाखवता येतं.

चकवण्याबद्दल: ३२ म्हणणारं कुणी चूक नसतं, आणि मी तसं सांगते. पाच संख्या पाहून नियम ठरत नाही, नियम सांगावा लागतो. दहावीपर्यंत "रिकामी जागा भरा" करून आलेल्या मुलांना हे कुणी तरी सांगायला नको का?

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. अमेरिकेतल्या कॉमन कोअर या शालेय अभ्यासाच्या मानकांमध्ये क्रमिका दोन्ही प्रकारे लिहिता याव्यात असं स्पष्ट म्हटलंय, रिकर्सिव्ह आणि थेट सूत्राने. फिबोनाची क्रमिका (आधीच्या दोन पदांची बेरीज म्हणजे पुढचं पद) तिथे उदाहरण म्हणून आहे. माझ्या मुलीच्या वर्गात वर्ष याच विषयाने सुरू झालं. पहिले आठवडे मजेत गेले. मग एकदा तिला पन्नासावं पद विचारलं होतं, तर ती कॅल्क्युलेटरवर मोजून मोजून बटण दाबत होती. सूत्राकडे जायची गरजच तिला वाटेना, कारण चालत गेलं की उत्तर येतंच. सवय लागली की मोडणं कठीण जातं. सुरुवात करा, पण बाहेर कधी पडायचं ते आधी ठरवा.

लघुगुरू

गणिताचा माणूस नाही, वृत्तांचा अभ्यास करतो. फिबोनाचीचं नाव निघालं म्हणून लिहितो. त्याचं पुस्तक १२०२ चं. त्याआधी, ११५० च्या सुमारास, जैन आचार्य हेमचंद्राने हाच नियम मात्रांसाठी मांडलाय, आणि छंदशास्त्रकार विरहांक त्याच्याही आधीचा.

लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? शेवटी लघु असेल तर आधी तीन मात्रा उरतात, त्यांचे प्रकार ३. शेवटी गुरू असेल तर आधी दोन उरतात, त्यांचे २. एकूण ५. झालं. कारण आणि उत्तर एकाच दमात मिळालं. याच चालीने सोळा मात्रांच्या ओळीचे १,५९७ प्रकार येतात. या क्रमिकेचं थेट सूत्रही आहे, पण त्यात पाचाचं वर्गमूळ येतं. ते पाहून ओळीच्या शेवटी लघु येतो की गुरू, याचा काही पत्ता लागतो का? इथे नियमच समज देतो, सूत्र नुसतं उत्तर देतं.

जुना_खडू

लघुगुरू, हे फार आवडलं. तरी एडिसनकरांची मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. रेघोटीताई, सुरुवात ५, दर वेळी ३ मिळवा, शंभरावं पद किती? तुमची मुलं काय करतात?

रेघोटी

हाच माझा तिसरा तास. बरीच मुलं आधी ३०५ म्हणतात. शंभर वेळा तीन, अधिक पाच. मग मी विचारते, दुसऱ्या पदापर्यंत किती पावलं? एक. तिसऱ्यापर्यंत? दोन. शंभराव्यापर्यंत? नव्व्याण्णव. उत्तर ३०२. दहावीत सगळ्यांनी "एन वजा एक" पाठ केलेलं असतं. तो वजा एक कुठून आला हे विचारलं तर वर्गात शांतता असते. चालून आलेल्या मुलाला तो पाठ करावा लागत नाही. एडिसनकर, बाहेर पडायची जागा ही. दारात उभं करून मोठा क्रमांक विचारायचा, पाऊल मोजायचा कंटाळा येऊ द्यायचा, की सूत्र मुलंच मागतात.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातून गणिती विगमनाचं (मागच्या संख्येसाठी खरं तर पुढचीसाठीही खरं, असं दाखवत सिद्ध करण्याच्या पद्धतीचं) प्रकरण काढून टाकलं गेलं. आपल्या बोर्डात ते आहे, आणि "के साठी खरं तर के अधिक एक साठी खरं" ही पायरी मुलांना दरवर्षी अडते. मागच्यावरून पुढचं हे अंगात मुरलं असेल तर ती पायरी ओळखीची वाटते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

सीईटी_सर

तीन तास असतील तर मी विरोध मागे घेतो, आठवडा असेल तर नाही. फिजिक्सच्या सरांना रेडियन वेळेवर मिळाले पाहिजेत. आणि पुढे श्रेढीचं प्रकरण घ्याल तेव्हा किती तास वाचले ते इथे लिहा. वाचले नाहीत तर तेही लिहा.

रेघोटी

तीनच तास. रेडियन सोमवारपासून. श्रेढीच्या तासांची नोंद डायरीत वेगळी ठेवते आणि प्रकरण संपलं की इथे टाकते. खडू सर, शक्य असेल तर एकदा वर्गात येऊन मागच्या बाकावर बसा. कुणाच्या वहीत टी एन अधिक एक कसा लिहिला जातोय ते तुमच्या नजरेला माझ्याआधी दिसेल.