जुनं रायटिंग डेस्क घ्यायचंय, रोलटॉप की पुढे पाडायच्या फळीचं?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. घरी लिहायला एखादं जुनं डेस्क घ्यावं असं बरेच दिवस डोक्यात घोळतंय, नवीन घेतलं की फळी फुगते नाहीतर स्क्रू धरत नाहीत, वैताग आलाय. आत्ता दोन नजरेत आहेत. एक ओकचं रोलटॉप, म्हणजे वरून लाकडी पट्ट्यांचा पडदा खाली ओढून बंद करायचं, विकणारा छातीठोकपणे १८९० चं म्हणतोय. दुसरं महोगनी व्हिनियरचं (वर महोगनीचा पातळ थर चिकटवलेला), तिरकी फळी पुढे पाडली की लिहायला जागा होते, आत छोटे छोटे कप्पे आणि खाली तीन मोठे खण. दिसायला दुसरं जास्त आवडलंय. अर्धा दिवस लॅपटॉप, उरलेला वेळ हाताने लिहिणं असा वापर आहे, शोपीस नकोय. बघायला जाताना नेमकं काय काय तपासायचं? खरंच जुनं आहे हे कसं ओळखतात?

रंधा_आणि_पटाशी
आधी खण बाहेर काढा. सगळे. विकणारा "अहो, मी दाखवतो ना" म्हणाला तरी स्वतःच्या हाताने काढा आणि उलटे करा, कारण वरून पॉलिश मारून कुणीही काहीही चकाचक करतो पण खणाच्या पाठीला कुणी हात लावत नाही.

कोपऱ्यातले डोव्हटेल बघा, म्हणजे दोन फळ्या एकमेकींत अडकवणारे पंख्यासारखे दात. हाताने कापलेले असतील तर दात सारखे नसतात, एखादा जाड, एखादा बारीक, आणि बाजूच्या फळीवर सुताराने मारलेली आखणीची बारीक रेघ अजून दिसते. सगळे दात एकसारखे, एकाच मापाचे असतील तर मशीनचे. आता मशीनचे म्हणजे खोटं असं नाही हां, १८९० ला कारखान्यात मशीनवर डोव्हटेल कापतच होते, त्यामुळे तुमच्या रोलटॉपला मशीनचेच असले तर उलट जुळतंय. पण कुणी १७८० चं सांगून मशीनचे दात दाखवत असेल तर रामराम करून निघायचं.

मग मागची फळी आणि खणांचे तळ. आडव्या उजेडात टॉर्च धरला की करवतीच्या खुणा दिसतात, सरळ रेघा असतील तर हातकरवत किंवा सरळ पात्याची मशीन, गोलाकार रेघा असतील तर गोल पात्याची म्हणजे साधारण १८३० नंतरचं काम. स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले, ते दिसले तर एकतर डेस्क नंतरचं आहे किंवा मधे दुरुस्ती झालीय. एका स्क्रूवरून निकाल देऊ नका, तो काढून भोक बघा, भोकाभोवती जुन्या स्क्रूच्या डोक्याचा काळसर ठसा असेल तर फक्त स्क्रू बदललाय.

मुठींचंही तेच. खणाच्या आतून बघा, बुजवलेली जास्तीची भोकं दिसली तर मुठी मूळच्या नाहीत. मला स्वतःला त्याचं काही वाटत नाही, वापरायचंच आहे ना, पण "ओरिजिनल" म्हणून जादा पैसे मागत असतील तर तिथे बोला.

शाईचा_डाग
वय वगैरे ठीक आहे हो पण कुणी गुडघ्यांबद्दल बोलणार का 😀 पाडायच्या फळीचं डेस्क मी रोज वापरते म्हणून सांगते. खाली खण असतात ना, त्यामुळे पाय आत जातच नाहीत, कडेला तिरकं बसून लिहावं लागतं. चिठ्ठ्या, बिलं, दहा मिनिटांचं काम असेल तर झकास. अर्धा दिवस लॅपटॉप? पाठ बोलायला लागेल.

दुसरं म्हणजे ती फळी. ती बिजागऱ्यांवर लटकून राहत नाही, खाली दोन बाजूंना बाहेर ओढायचे दांडे असतात, ते पूर्ण ओढून मग फळी त्यावर टेकवायची. दांडे न ओढता कुणी फळी पाडत राहिलं की बिजागरीचे स्क्रू लाकूड फाडून बाहेर येतात, आणि हे इतक्या वेळा झालेलं असतं की बघायला गेल्यावर मी पहिलं तेच बघते. बिजागरीच्या शेजारी लाकडाचा नवा तुकडा बसवलेला असेल तर दुरुस्ती झालेली आहे, घट्ट असेल तर चालेल. फळी पाडून दोन्ही कोपऱ्यांवर हाताने हळूच दाब द्या, एक कोपरा खाली गेला तर त्या बाजूचा दांडा झिजलाय.

लॅपटॉप बंद करून आत ठेवून फळी लावता येईल असं वाटत असेल तर आतल्या कप्प्यांपुढे किती जागा उरते ते टेप लावून बघा. बहुतेक वेळा उरत नाही.

जुनं_ते_जुनं
रोलटॉपबद्दल. एस आकारात वळणाऱ्या पडद्याचं जे डेस्क आपण ओळखतो त्याचं पेटंट अब्नर कटलर या अमेरिकन माणसाने १८८२ मध्ये घेतलं, तेव्हा १८९० अगदीच अशक्य नाही. तो पडदा म्हणजे लाकडाच्या पट्ट्या मागून कॅनव्हासवर चिकटवलेल्या असतात. दोन-चारदा वरखाली करा. मधे अडकतोय, पट्ट्यांमधून उजेड दिसतोय, एखादी पट्टी डुगडुगतेय म्हणजे कॅनव्हास कुजलाय. बदलता येतो पण सगळा पडदा बाहेर काढावा लागतो, चांगला सुतार हवा.

आणि किल्ली मागा! बऱ्याच रोलटॉपना पडदा बंद केला की खालचे खणही आपोआप लॉक होतात. किल्ली नसताना कौतुकाने पडदा खाली ओढला की बसा मग बोंबलत.

पॉलिशवाला_नाना
घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सँडपेपर हातात घ्यायचा नाही एवढं लक्षात ठेवा. मशीनने कापलेलं व्हिनियर एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाड असतं, कडेला दोनदा जास्त घासलं की खालचं पांढरं लाकूड वर येतं आणि त्याला इलाज नाही.

पॉलिश कुठलं ते आधी बघा. न दिसणाऱ्या जागी कापसाने थोडं स्पिरिट लावा, चिकट झालं तर लाखेचं, ढिम्म राहिलं तर वॉर्निश किंवा नंतरचं लॅकर. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा, लाखेचं पॉलिश नारिंगी चमकतं. लाखेचं असेल तर त्यावर गरम कप नको, सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात अल्कोहोल असतं, पॉलिशच विरघळतं.

व्हिनियर बोटाने टकटक वाजवा. पोकळ आवाज आला तिथे ते सुटलंय. घाबरायचं नाही, जुनं काम सरसात (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या डिंकात) केलेलं असतं आणि सरस ऊब आणि ओलावा मिळाला की परत नरम पडतो, त्यामुळे चिकटवता येतं. पण कुणी तिथे इपॉक्सी ओतून ठेवलं असेल तर पुढच्या माणसाचे हाल.

रंधा_आणि_पटाशी
नाना, सगळंच जपून ठेवायचं हे मला पटत नाही. कारखान्यातलं साधं ओकचं डेस्क असेल, वरचं पॉलिश काळं पडून चिकट झालं असेल, तर उतरवून नवीन मारलं म्हणून काय आभाळ कोसळत नाही. रोज कोपर टेकायचंय त्यावर.

पॉलिशवाला_नाना
उतरवा की, पण आधी साध्या ओल्या फडक्याने पुसून बघा म्हणतो मी. निम्म्या वेळा काळपटपणा पॉलिशचा नसतो, मेण आणि धूळ साठलेली असते.

कोरा_कागद
सगळ्यांना धन्यवाद, दोन्ही परत बघून आलो. महोगनीवाल्यात खरंच पाय जात नाहीत, शिवाय खणाच्या तळाला बारीक भोकं आहेत आणि खाली पिठासारखी पूड. विकणारा म्हणतो जुनी भोकं आहेत. रोलटॉपचा पडदा मस्त चालतो, किल्ली आहे, पण मधल्या खणाखाली जमिनीपासून ५७ सेंमीच उंची आहे. आणि एका बाजूच्या फळीला उभी चीर आहे.

जुनं_ते_जुनं
चिरेचं टेन्शन नको. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि आतून आडव्या पट्ट्या ठोकून अडवलेलं असलं की फाटतं. हलत नसेल तर सोडून द्या. जिन्यातून नेण्याचीही काळजी नको, मोठी रोलटॉप बहुधा वरचा भाग आणि दोन्ही बाजूंचे खणांचे ठोकळे असे सुटे होतात, विचारून घ्या.

रंधा_आणि_पटाशी
पूड फिकट आणि ताजी दिसतेय का? भोकाच्या कडा धारदार, आतून स्वच्छ असतील तर किडा अजून आत आहे. जुन्या भोकांच्या कडा मळलेल्या असतात. हलवाहलवीत जुनी पूडही गळते, म्हणून पुसून खाली काळा कागद टाकून ठेवायचा आणि उन्हाळ्यात परत बघायचं, किडे तेव्हाच बाहेर पडतात. विकणारा एवढं थांबणार नाही हे मलाही माहितीये. म्हणून मी ते घेणार नाही, घरातल्या बाकी फर्निचरला कशाला प्रसाद.

शाईचा_डाग
५७ कमी आहे. खुर्ची ४५ ची धरली तर मांड्यांना १२ सेंमी उरतात, खुर्ची पुढे ओढली की मांडी घासणार. मधला खण काढून ठेवता येतो का बघा, बऱ्याचदा फक्त सरकपट्ट्यांवर असतो. खण निघाला आणि मागची आडवी पट्टी आड येत नसेल तर घेऊन टाका. खण जपून ठेवा मात्र, पुढे विकायची वेळ आली तर पूर्ण सेट लागतो.

कोरा_कागद
खण निघतो! आत्ताच फोन करून विचारलं. पट्टीचं माप उद्या घेतो.