निवाऱ्यातल्या ४० कुत्र्यांसाठी निधी आणि घरं: कोकणात नेमकं काय चालतं?

कातळसडा (प्रश्न)

राजापूर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) निवारा आहे. सध्या ४० कुत्रे, ११ मांजरं. ट्रस्टची नोंदणी झालेली आहे, ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) आहे. वर्गणी व्हॉट्सॲप ग्रुपवर मागतो, पहिल्या दोन दिवसांत थोडे पैसे येतात आणि मग सगळं थंड. दत्तक देण्याचंही तसंच: पिल्लं जातात, मोठे कुत्रे राहतात, आणि गेलेल्यांतले काही महिन्याभरात परत येतात. पावसाळ्याचे चार महिने निघतील एवढी रक्कम कशी उभी करायची? आणि कुत्रा ज्या घरी गेला तिथेच टिकावा म्हणून आधी काय तपासायचं? 'सोशल मीडियावर टाका' एवढ्यावर थांबू नका, नेमकं सांगा.

वहीखाते

फलकावरून आणि मेसेजमधून 'मदत करा' आधी काढा. एका कुत्र्याचा एक महिना किती रुपयांत निघतो ते काढा आणि तेवढेच मागा.

१५ किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण १४० ग्रॅम कोरडा तांदूळ आणि २०० ग्रॅम कोंबडी पुरते. तुमच्या ४० जणांना रोज साडेपाच-सहा किलो तांदूळ आणि ८ किलो कोंबडी झाली. तांदूळ ४५ रुपये आणि माना-पाय-काळीज मिळून ८० रुपये किलो धरलं, तर एका तोंडामागे २२-२३ रुपये, गॅस धरून २५. महिन्याचे ७५०. तुमच्या बाजारातला दर घालून पुन्हा मांडा. हे फक्त पोटाचं झालं. लस, गोचीड-गोळी, वीज आणि कामगाराचा पगार यांचा वाटा घातला की आकडा सहज दुप्पट होतो. लोक बिस्किटांना पैसे देतात, पगाराला देत नाहीत, म्हणून बरेच निवारे पगार लपवून हिशेब दाखवतात आणि नेमके तिथेच बुडतात. पगार उघड लिहा.

मग मागणी अशी होते: 'काळूचा महिना १५०० रुपये. त्यातले ७५० जेवणाचे, बाकी औषध, पगार आणि वीज.' यूपीआय ऑटोपेवर महिन्याची रक्कम लावून देणारे २५ जण मिळाले, तर एकदाच ५००० देणाऱ्या पाहुण्यांपेक्षा ते बरे. त्या २५ जणांना दर महिन्याच्या ५ तारखेला काळूचा एक फोटो आणि त्या महिन्याचं एक खरं बिल पाठवा. फोटो गेला नाही की तिसऱ्या महिन्यात ऑटोपे बंद होतो.

वेळ चुकते तिथे वर्गणीही चुकते. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे जेट्टीवरची फुकटची मुंडकी बंद. श्रावणात कोंबडीचा खप पडतो. दर उतरला म्हणून खूश होऊ नका, कारण दुकानदाराकडे उरणाऱ्या माना-पायही तितक्याच कमी होतात. लाकडं ओली, आणि वीज दोन दिवस गेली की डीप फ्रीझरमधला माल फेकायचा. तेव्हा पावसाळ्याचे पैसे मे महिन्यातच, चाकरमानी गावात असताना जमवा. जूनच्या मध्यावर माणसं पेरणी-लावणीत असतात, कोणी ऐकून घेत नाही. दुसरी संधी गणपतीत.

कागदाच्या बाबी:

पैसे फक्त ट्रस्टच्या खात्यात. कोणाच्या वैयक्तिक नंबरवर क्यूआर नको. पुढे तो माणूस आयकराला उत्तर देत बसतो. दुकानात लावलेल्या क्यूआरवर कोणी दुसरा स्टिकर चिकटवून जातो, म्हणून आठवड्याला एक रुपया पाठवून नाव तपासा.

८०जीची सवलत २००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्या देणगीदाराला ती मुळात लागूच होत नाही, त्यामुळे सवलतीची जाहिरात जपून करा. पॅन घेतल्याशिवाय पावती फाडू नका, नाही तर वर्षाअखेरीची देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत भरताना रडायची वेळ येते.

दुबई-कुवेतला असलेला गाववाला भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तोच माणूस परदेशी नागरिक झाला असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणीशिवाय त्याच्याकडून काही घेता येत नाही. परदेशी पर्यटकाने पेटीत टाकलेली नोटही यातच मोडते.

लकी ड्रॉची तिकिटं विकू नका, सरकारी परवानगीशिवाय ते बेकायदा आहे. आंब्याच्या पेट्या विकून निधी उभारता येतो, पण विक्रीची जमा वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर जाणार असेल तर आधी सीएशी बोला. दानपेटीला नंबर, सील आणि उघडताना दोघांच्या सह्या. पावसात पेटी पत्र्याची नको, ती गंजते.

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक जबाबदारीच्या निधीत) प्राणिकल्याण बसतं, त्यासाठी ट्रस्टला सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. त्यांच्याकडे शेड, सोलर, फ्रीझर मागा. रोजचा भात मागू नका.

पडवी

पैशाचं वर आलंय, मी घरांचं लिहिते.

'भाद्रपदातली कुत्री' आपण सहज म्हणतो, पण निवाऱ्याचं कॅलेंडर त्यावरच चालतं. भाद्रपदात जुगलेली मादी साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात विते. पिल्लं आठ आठवड्यांची होतात जानेवारी-फेब्रुवारीत. चाकरमान्यांची मुलं येतात मे महिन्यात. तोवर ती पिल्लं लांब पायांची, अर्धवट वयाची झालेली असतात आणि त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही. तेव्हा पिल्लं पाच आठवड्यांची असतानाच फोटो टाकायला लागा, घरं तेव्हाच ठरवून ठेवा आणि आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय आईपासून काढू नका.

मोठ्या कुत्र्यांचं अडतं ते फोटोपाशी. जाळीमागचा, साखळीतला, वरून काढलेला फोटो कोणालाच घरात आणावासा वाटत नाही. सकाळी आठच्या आत बाहेर न्या, गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. काळ्या कुत्र्याचा फोटो सावलीत, जांभ्याच्या गडग्यासमोर (दगडी कुंपणासमोर) काढा. लाल दगडावर त्याचे कान आणि डोळे वेगळे दिसतात. पांढऱ्या भिंतीसमोर मोबाइल त्याचा नुसता काळा गोळा करतो. सोबत २० सेकंदांचा व्हिडिओ, त्यात तो पट्ट्यात चालताना दिसला पाहिजे.

मजकुरात दोष आधी. नमुना:

'चिंगी. मादी, अंदाजे २ वर्षं, १४ किलो. नसबंदी झाली, लसी पूर्ण. मागचा डावा पाय लंगडा, धावते पण जिने चढत नाही. फटाक्यांना घाबरते. कोंबड्यांच्या मागे लागते, कोंबड्या असलेल्या घरी देणार नाही. माणसांत शांत, रात्री घरात झोपायची सवय आहे.'

असं लिहिलं की फोन कमी येतात, पण आलेले कामाचे असतात.

कोंबड्यांवरून आठवलं: आपल्याकडे कुत्रा परत येण्याचं पहिलं कारण तेच आहे. देण्याआधी चाचणी करा. शेजाऱ्याचं बंद खुराडं घ्या, कुत्र्याला पट्ट्यात धरून दहा पावलांवरून न्या. बघून मान वळवली तर चालेल. ताठ होऊन टक लावून बसला, खायला दाखवूनही नजर हलली नाही, तर तो गावातल्या घरासाठी नाही. फ्लॅटमध्ये तो उत्तम राहील.

घर बघायला प्रत्यक्ष जा. खूप लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर पूर्ण आवार फिरवून दाखवायला लावा. आपल्याकडे मुख्य प्रश्न रात्रीचा असतो. बिबट्या वाडीत येतो आणि खळ्यात साखळीला बांधलेला कुत्रा त्याला आयता मिळतो. पडवीला ग्रिल आहे का, नसेल तर कुत्रा रात्री घरात घेणार का, हे थेट विचारा. 'बघू' म्हणाले तर नाही समजा. विहिरीला कठडा आहे का तेही बघा. घर हायवेला लागून असेल तर फाटक लागतं का, स्वतः लावून पाहा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोला. दिवसभर कुत्र्याजवळ तीच असतात. त्यांना नको असेल तर मुलांच्या हौसेला किंमत नाही.

कातळसडा

उपयोगी आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. जानेवारीपासून बागायतदारांचे फोन येतात, वानर राखायला कुत्रे द्या म्हणून, एकेकाला तीन-चार हवे असतात. आकडा मोठा असल्यामुळे मोह होतो. शिवाय दत्तकाचे पैसे घ्यावेत का?

पडवी

बागेत देऊ नका. आंबा-काजूचा हंगाम मे अखेरीस संपतो, राखणीची माणसं आपल्या गावी जातात आणि कुत्रे बागेतच राहतात. जूनमध्ये तेच हायवेवर दिसतात. पाळीव प्राणी वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण त्यातला दंड इतका किरकोळ आहे की कोणी भीत नाही. बागायतदार वर्षभर तिथेच राहत असेल, कुत्रा त्याच्या घरचा असेल आणि दिवसातून दोनदा मोकळा सुटत असेल तर एक द्या. एकाच वेळी तीन-चार मागणाऱ्याला नको.

पैशांबद्दल: किंमत घेऊ नका. पिल्लाच्या नसबंदीची अनामत घ्या, नसबंदी झाली की परत.

खाडीपलीकडे

अनामतीचं मला पटत नाही. हजार रुपयांसाठी कोणी सावंतवाडीहून राजापूरला येत नाही, पैसे तुमच्याकडे राहतात आणि पिल्लू सहा महिन्यांचं होऊन माजावर येतं. त्यापेक्षा देतानाच सहाव्या महिन्याची तारीख त्यांच्या जवळच्या डॉक्टरकडे ठरवा, करारात लिहा, आणि बिल निवारा थेट डॉक्टरला देईल असं ठेवा. त्या बिलासाठी देणगीदार मिळतात. आठ दिवस आधी फोन मात्र तुम्हीच करायचा.

मुंबई-पुण्याला पाठवताना: घर भाड्याचं असेल तर मालकाचं लेखी पत्र घ्या. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, पण घरमालक करार वाढवायला नकार देतो आणि कुत्रा परत. लिफ्ट, जिना, फरशी हे गावच्या कुत्र्याने पाहिलेलं नसतं. पहिले १५ दिवस गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्या. गळपट्ट्यात दोन बोटं जावीत, तीन गेली तर मान मागे ओढून तो सुटतो, आणि अनोळखी शहरात सुटलेला कुत्रा सहसा हाती लागत नाही.

रेल्वेत कुत्रा ब्रेक व्हॅनमधल्या पेटीतून नेता येतो, किंवा फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर असेल तर सोबत. पार्सल ऑफिसला दोन-तीन तास आधी, डॉक्टरचं प्रमाणपत्र घेऊन. एप्रिल-मेमध्ये ती पेटी नकोच, आत भट्टी होते. गाडीने नेत असाल तर निघण्याआधी पाच-सहा तास खायला देऊ नका, नाही तर परशुराम घाटात सगळं सीटवर.

एक वेगळी सूचना. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातले कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. तेव्हापासून कोणतीही स्थानिक संस्था तुमच्या दारात पिंजरा घेऊन उभी राहू शकते. प्रति कुत्रा प्रति दिवस किती रुपये आणि किती दिवसांनी देणार, हे लेखी झाल्याशिवाय फाटक उघडू नका.

गोठ्याचा डॉक्टर

वरचं सगळं ठीक, पण दिलेलं पिल्लू चौथ्या दिवशी पार्व्होने (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य हगवणीने) गेलं तर त्या वाडीत पुन्हा कोणी तुमच्याकडून कुत्रा घेणार नाही.

नवीन आलेलं पिल्लू १४ दिवस वेगळं. वेगळी भांडी, वेगळी चप्पल, त्याचं काम दिवसातलं शेवटचं. वेगळ्या खोलीची जमीन गुळगुळीत सिमेंटच्या कोब्याची हवी. सारवलेल्या जमिनीवर आणि उघड्या जांभ्यावर ब्लीच काम करत नाही. दगडाला भोकं असतात, विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. आधी साबणाने घाण धुवायची, मग ५ टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी ३० भाग, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. फिनाइलने पार्व्हो मरत नाही.

लस सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास. रेबीज तीन महिन्यांना, मग दरवर्षी. आपल्याकडे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाचा) भाग असलेलीच लस घ्या. लेप्टो कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो. लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून पावसात पिंजरे धुणाऱ्या माणसाला गमबूट आणि हातमोजे लागतातच. लस आणताना बर्फाचा डबा. वीज गेलेल्या फ्रीजमधली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं.

देताना सोबत फाइल द्या: लसीच्या स्टिकरसह कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, वजन, नसबंदीची तारीख, आणि निवाऱ्यात तो जे खात होता त्याचा तीन दिवसांचा शिधा. पहिल्याच दिवशी नवं घर त्याला बांगड्याचं कालवण-भात घालतं, हगवण लागते, आणि रात्री अकराला तुम्हाला फोन येतो की आजारी कुत्रा दिलात. जुनं अन्न आठवडाभरात हळूहळू बदलायचं, हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

मांजरांना कोणी विचारलंच नाही. नव्या घरी दोन-तीन आठवडे दारं बंद ठेवून आतच. लगेच सोडलं तर जुन्या जागेच्या शोधात निघतं. उंदरांसाठी भाताच्या कोठीत हवं म्हणणाऱ्यांना दोन एकत्र द्या, आणि त्या घरी उंदरांचं औषध ठेवत नाहीत ना, ते आधी विचारा.